घरचा इळा, सरकारची कैची

माझं पहिलं लेकरू माहेरी झालं, कामरगावच्या बाजूला, आणि बारशाआधीच गेलं. सुरुवातीला चांगलं प्यायलं. मग एका सकाळी मी त्याला छातीशी धरलं तर त्यानं तोंडच उघडलं नाही. मला वाटलं झोपेत आहे. हनुवटीला बोट लावून पाहिलं तर जबडा लाकडासारखा. पुढं तर कोणी दाराची कडी वाजवली, भांडं पडलं, तरी त्याचं एवढंसं अंग धनुकलीसारखं मागं वाकायचं. आमच्याकडं त्याला दातखीळ म्हणत. सटवाईनं आपलं लिहिलेलं आपणच पुसलं, असं आईनं सांगितलं आणि मला डोक्यावरून पदर घ्यायला लावला. रडायचं ते पदरात रडायचं, दूध आटवायला छातीला फडकं बांधायचं, झालं.

हे आता कशाला उकरून काढते? तर आजकाल गावात वर्ग फार निघतात. शिवणाचा वर्ग, कॉम्प्युटरचा वर्ग, पोरींसाठी केस कापायचासुद्धा वर्ग. आणि वर्ग संपला की मागाहून माणसं येतात पाहायला, की शिकवलेल्याचा उपयोग झाला का. आमच्याच ओसरीत बसतात. मी त्यांना पाणी देते, चहा देते, आणि त्यांची नजर कुठं कुठं फिरते तेवढं पाहत बसते. मला ती पहिली पाहणी आठवते. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात होतो, आणि माझ्या पोटात दुसरं होतं.

आमच्या सासरच्या गावात एक सुईण होती. उंच, काटक म्हातारी, एका डोळ्यात फूल पडलेलं. सारं गाव तिला आजी म्हणे, कारण सारं गाव तिच्याच हातावर झालं होतं. माझे मालकही तिच्याच हातचे. ती न् माझी सासू, दोघी एकमेकींशी भांडल्याशिवाय जेवत नसत आणि एकमेकींना विचारल्याशिवाय काही करत नसत. या आजीला जवळच्या मालेगावला दायांच्या वर्गाला बोलावलं. गावात दवंडी झाली तेव्हा सासूनं तिला ओसरीत गाठलं.

"तू काय शिकशीन वं आता? तुह्याच हातचे लोकं तुले शिकवतीन."

"शिकवू दे. खायले देतात म्हने. तुह्या हातच्या भाकरीपरीस बरं."

वर्ग संपवून ती परतली तेव्हा तिच्या डोक्यावर पत्र्याची पांढरी पेटी होती. बायका गावाच्या शिवेपर्यंत हळदीकुंकू घेऊन गेल्या होत्या, जशी काही देवीची परडीच आली. पेटीत कैची, नखं घासायचा ब्रश, साबणाची वडी, दोऱ्याची रीळ, दोन वाट्या न् पांढरं कापड. आजीनं ती पेटी नेऊन ठेवली ती थेट देव्हाऱ्यात. दसऱ्याला आमच्यात शेतीची हत्यारं पुजतात ना, तर तिनं पेटी उघडून कैचीला कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. आणि वर्गात शिकवलेलं सगळं तिनं ओवीत बांधून आणलं होतं, कारण तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि विसरायचं तर नव्हतं:

हात धुवा साबनानं, नखं घासा दोन येळा,
उकळत्या पान्यामंधी दोरा-कैची टाका गोळा.
नाळेवरी राख नाही, कपडा बांधा धुतलेला,
दाई सांगे सरकारची, जीव राखा इवलेला.

ही ओवी इतकी गोड चालीवर होती की महिन्याभरात गावातलं प्रत्येक जातं तीच म्हणायला लागलं. मीही म्हणायची. पीठ पडायचं आणि ओवी चालायची, आणि तिचा अर्थ आपल्या घराशी लागतो हे कोणाच्या मनातही यायचं नाही.

दुसऱ्या वेळी बाळंतपण सासरीच करायचं असं ठरलं. माहेराला अपयश आलं म्हणून सासूनंच ठरवलं. दिवाळी झाली, माझं पोट दिसायला लागलं, आणि एक दिवस गावात जीप आली. त्या वेळी जीप आली की पोरं तिच्यामागं शेवटपर्यंत पळत. जीपमधून टोपीवाले साहेब उतरले, खादीचं पातळ नेसलेल्या, चष्मा लावलेल्या एक बाई उतरल्या, आणि मागून आमच्या भागाची नर्सबाई. नर्सबाई म्हणजे विशीतली पोरगीच. साहेब म्हणाले, आम्ही वर्गाचा उपयोग कितपत झाला ते पाहायला आलो.

मारुतीच्या पारावर सतरंजी टाकली. पुरुष समोर, बायका मागं. आजीला मधोमध बसवलं.

"नाळ कशानं कापता, आजी?" साहेबांनी विचारलं.

"कैचीनं, सायेब."

"कैचीचं आधी काय करता?"

आजीनं घसा खाकरला आणि ओवी म्हटली. साहेबांचा चेहरा असा फुलला, असा फुलला, की काय सांगू. मग त्यांनी पेटी मागवली. पेटी आली, झाकण उघडलं. उन्हात कैची अशी चमकली की पारावरच्या माणसांनी डोळे बारीक केले. साहेबांनी पेटी दोन्ही हातांनी वर धरली आणि साऱ्यांना दाखवली. म्हणाले, दुसऱ्या गावांत पेट्या गंजल्या, कुठं कैचीनं बकऱ्यांचे केस कापतात, कुठं वाट्यांत मीठ-मिरची ठेवतात. ही पाहा पेटी. याला म्हणतात शिक्षण.

टाळ्या पडल्या. पेटी बायकांच्या बाजूनं फिरली, आणि माझ्या पुढ्यात आली तेव्हा मी साबण पाहिला. वडीवर कागद होता. कागदाच्या घड्या दुकानातून आल्यासारख्या कडक. दोऱ्याच्या रिळावर चिकटवलेली चिठ्ठी तशीच, ब्रशाचे केस वाकडेसुद्धा झालेले नाहीत. वर्षभरात गावात किती बाळंतपणं झाली होती, सारी आजीच्याच हातची. मी पेटी पुढं दिली. पेटी गेली तिकडंच मी पाहत राहिले, आणि शेजारची म्हणे, "काहून वं, ऊन लागलं का?"

खादीच्या बाईंनी तेवढ्यात विचारलं होतं, "वर्षभरात मुलं किती झाली आणि दगावली किती?" आजी बोटांवर मोजायला लागली, पण साहेब म्हणाले, "ते आरोग्य खात्याचं काम आहे, बाई. आपण प्रशिक्षण पाहायला आलो." बाईंनी चष्मा काढून पुसला न् परत घातला. मग साहेबांनी आजीला सगळ्यांसमोर लुगडं दिलं.

जीप गेली, नर्सबाई मात्र राहिली. तिला सकाळी आणखी एका गावी जायचं होतं. ती आमच्याकडं उतरली. मी तिला ताट वाढलं आणि मग हळूच माझ्या पहिल्या लेकराचं सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"नाळ कशानं कापली होती, ताई?"

"इळ्यानं. कशानं कापतात?"

"आणि वर काय लावलं?"

"गोवरीची राख."

तिनं मला समजावलं. मातीत, शेणात, गंजात असं काही असतं जे डोळ्यांना दिसत नाही, ते नाळेतून लेकराच्या अंगात शिरतं न् जबडा बांधून टाकतं. उकळलं की ते मरतं. एवढंच. तिनं त्याला धनुर्वात म्हटलं. मी ते नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आजवर जे सटवाईच्या नावावर होतं ते एकदम इळा होऊन आमच्या घरच्या भिंतीवर टांगलेलं दिसायला लागलं.

मी विचारलं, "बाई, पेटीतला साबन पाह्यला का तुमी?"

तिनं ताट बाजूला सारलं. "पाहिला," ती म्हणाली. "माझी नोकरी नवी आहे, ताई. साहेबांनी आज या गावाला पहिला नंबर दिला आहे."

दुसऱ्या दिवशी मी आजीकडं गेले. ती अंगणात तूर पाखडत होती.

"आजी, माह्या बाळंतपनाले पेटी उघडशीन ना?"

तिनं सूप थांबवलं. "पेटी कायले?"

"ओवीत म्हनते तू. उकळत्या पान्यामंधी..."

"ते सायबाच्या परीक्षेले हाय, पोरी. नाळ आपल्या घरच्या इळ्यानंच कापा लागते. ज्या लोखंडानं नाळ कापली त्या लोखंडाचं ते लेकरू. ज्या इळ्यानं घरची ज्वारी सोंगली, त्याच इळ्यानं नाळ कापली, की लेकरू त्या वावराचं होते. आता सरकारच्या कैचीनं कापली तं कोनाचं होईन? सरकारचं."

शेजारीण कुंपणापलीकडून ऐकत होती. ती म्हणाली, "न् मोठं होऊन पटवारी झालं म्हंजे? आपल्याच घरावर जप्ती आनीन." दोघी हसल्या. मला हसू येईना.

"न् दुसरं असं," आजी म्हणाली, आता ती हसत नव्हती, "सायेब पेटी देतानी म्हनला, जपून ठेवजा, आमी पाह्यले येऊ. मी ठेवली जपून. तू पाह्यलं ना, कसं लुगडं देल्लं? ते पुन्हा येनार हायेत, मोठ्या सायबाले घेऊन. तवा साबन झिजलेला दिसला तं काय म्हनतीन? म्हाताऱ्या मानसाची इज्जत जाईन."

तिला खोटं बोलायचं नव्हतं, हे मी आजही सांगते. तिच्या मनात दोन कामं वेगळी होती. बाळंतपण हे एक काम आणि साहेबांचा वर्ग हे दुसरं. दोन्ही ती चोख करत होती.

मग माझे दिवस कसे गेले ते विचारू नका. घरात भिंतीच्या खुंटीला इळा टांगलेला असायचा. मी भाकरी थापायची आणि डोळा तिकडंच जायचा. मी पोटावर हात ठेवून झोपायची न् आतून लाथ बसली की आनंद व्हायच्या ऐवजी धस्स व्हायचं. मालकांना सांगून पाहिलं की वाशीमच्या दवाखान्यात नेता का. ते म्हणाले, सोंगणीत बैल कुठून मोकळे करू, आणि माय काय म्हणेल. सासूला सांगायचा धीर होत नव्हता, कारण सासू त्या इळ्याची नुसती धार नाही, मूठसुद्धा कोणाला बदलू देत नव्हती.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी रब्बी ज्वारीची सोंगणी चालली होती. इळा वावरात गेला होता. आजी आली, कमरेला पदर खोचला, माझ्याकडं पाहून म्हणाली, "होते आता, भिऊ नको." आणि सासूला म्हणाली, "इळा बोलाव."

इळा आला. मी बाजेवर पडल्या पडल्या पाहिला. पात्याला काळी माती चिकटलेली, ज्वारीच्या धाटाचा रस सुकलेला, आणि मुठीजवळ कशाचं तरी शेण. आजीनं तो लुगड्याच्या काठाला पुसला, या बाजूनं एकदा, त्या बाजूनं एकदा, आणि माझ्या उशाखाली सारला. बाहेरचं काही येऊ नये म्हणून उशाखाली ठेवायची रीत होती. माझ्या डोक्याखाली ते लोखंड होतं आणि मला त्याचा वास येत होता.

चुलीवर न्हाणीसाठी कडूनिंबाचा पाला टाकून पाणी ठेवलं होतं. ते खळखळत होतं. मला ते ऐकू येत होतं न् एकीकडं कळ येत होती, आणि त्या दोन्हींच्या मधे माझ्या तोंडून निघालं, "आत्याबाई, तो इळा त्या पान्यात टाका."

सासूला वाटलं मी बरळते. "कायले?"

"घरचा इळा हाय. घरच्याच इळ्यानं कापा. पन उकळा आधी. दोराही उकळा. राख लावू देनार नाई मी."

आजी म्हणाली, "येडी झाली का? लोखंड उकळलं तं पानी उतरते त्याचं. धार मरते. मंग जोर करा लागते, नाळ रगडल्या जाते."

"मरू द्या धार. लोहाराकडून लावून आनू."

"हे पाय, मी इतके वर्सं..."

"आजी, माह्यं पहिलं असंच गेलं."

असं मी मोठ्यांपुढं कधी बोलले नव्हते. आजीनं कमरेचा पदर पुन्हा खोचला. सासू माझ्याकडं पाहत उभी राहिली, आणि तिच्या तोंडावर काय होतं ते मला कळ आल्यामुळं नीट दिसलं नाही. मग तिचा हात उशाखाली गेला आणि इळा निघाला. पाण्यात लोखंड पडल्याचा आवाज मी ऐकला. सासूच म्हणाली, "घरातून तं गेला नाई ना कुठं. चुलीवरच हाय." दोऱ्यासाठी तिनं स्वतःच्या जुन्या लुगड्याची किनार उसवली न् तीही पाण्यात टाकली. आजीचे हात तिनं शिकेकाईनं धुवायला लावले. आजी धुताना पुटपुटत होती, "साऱ्या गावाची दाई मी, न् माह्येच हात मळके झाले."

पोरगा झाला. नाळ कापताना जोर लागला, आजीचं तेवढं खरं ठरलं. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

आता पहिलं ज्या दिवसांत गेलं, ते दिवस आले. पाचवी पुजली, पाटा मांडला, सटवाईसाठी कोरा कागद ठेवला. लेकरू पीत होतं. मला कोणी आनंदाचं काही बोललं तर ऐकू यायचं नाही. दर वेळी छातीशी घेताना मी आधी त्याच्या ओठावर बोट फिरवायची. तोंड उघडायला क्षणभर उशीर झाला तरी मी हनुवटीला बोट लावून जबडा पाहायची. पहिलंही असंच पीत होतं, पहिलंही असंच टकामका पाहत होतं. दाराची कडी वाजली की मी लेकराकडं पाहायची, वाकतं का म्हणून.

त्याच दिवसांत जीप परत आली. मोठे साहेब होते. शिकलेल्या दाईच्या हातचं ताजं बाळंतपण पाहायचं म्हणून सारे थेट आमच्या अंगणात. मी आत बाळंतिणीच्या खोलीत, दार लोटलेलं. पुरुषांना आत यायचं नाही, मला बाहेर जायचं नाही. फटीतून उन्हाची रेघ येत होती, तिच्यात पावलं हलत होती.

पेटी उघडल्याचा आवाज आला. मग मोठ्या साहेबांचा आवाज, "वा. बाळंतपण होऊनही पेटी किती स्वच्छ." कोणीतरी म्हणालं, कैचीत तोंड दिसतं. विचारलं, "मूल कसं आहे?" सासू म्हणाली, "चांगलं हाय, सायेब." आणि साहेबांनी दोन्ही गोष्टी जोडल्या, चमकती कैची आणि जितं लेकरू. कोणीही जोडल्या असत्या.

मला राहवलं नाही. मी आतून म्हणाले, "सायेब, पेटी उघडलीच नाई. इळा उकळला आमी. साबनाचा कागद पाहा."

मोठे साहेब म्हणाले, "काय म्हणतात त्या?"

आजीचा आवाज आला, अगदी मऊ, "बाळंतिनीचं वारं हाय, सायेब. पहिलं लेकरू गेलं बिचारीचं. बडबडते."

खादीच्या बाई यावेळी आल्या नव्हत्या. नर्सबाई होती, तिच्या चपला मला फटीतून दिसत होत्या. त्या एकदा दाराकडं वळल्या, आणि मग थांबल्या. सासू तिथंच उभी होती, पण भरल्या अंगणात आजीला खोटं पाडणं तिच्यानं झालं नाही. साहेब म्हणाले, आजीबाईंना आता घरी बसू द्यायचं नाही. शिरपूरच्या बाजूच्या साऱ्या गावांच्या दाया एकत्र करू, आजीबाई शिकवतील, आपल्या लोकांचं आपल्याच लोकांना लवकर समजतं. टाळ्यांच्या आवाजानं माझं लेकरू दचकलं. त्याचे दोन्ही हात वर उडाले. मी त्याला छातीशी घट्ट धरलं आणि अंग कडक होतं का पाहत बसले. पाहत बसले, आणि मग त्यानं तोंड उघडलं न् प्यायला लागलं.

माझ्या पोराचे ते भीतीचे दिवस सरले. बारसं झालं. आणि बारशानंतर थोड्याच दिवसांत शिरपूरला जायला आजीसाठी छकडा आला. ती नवं लुगडं नेसून, मांडीवर पेटी घेऊन बसली होती. जाताना आमच्या दारात छकडा थांबवला, पोराला पाहायला. तिनं पोराच्या पायाला हात लावून कानशिलावर बोटं मोडली. माझ्यावर राग धरला नव्हता तिनं, धरायची गोष्ट तिच्या लेखी झालीच नव्हती.

मी विचारलं, "आजी, त्या बायायले काय शिकवशीन?"

"ओवी शिकवीन. न् पेटी कशी ठेवा लागते ते."

"न् इळा उकळायचं?"

तिनं माझ्याकडं फूल पडलेल्या डोळ्यानं पाहिलं, की चांगल्या, ते मला कळलं नाही. "ते तुह्या घरचं झालं, माय," ती म्हणाली. "सायबानं ते कुठी पाह्यलं? मले शिकवायले नेतात ते त्यायनं पाह्यलं त्याच्यासाठी."

गाडीवानानं बैल हाकलले. छकडा पांदणीला लागला तरी पेटीचं पांढरं झाकण उन्हात दिसत होतं.

त्या सालापासून शिरपूरच्या वाटेवरच्या गावांतून कोणी पाहुणा आला, की पाणी देतानाच मी विचारायची, तुमच्याकडं कोण बाळंत झालं, लेकरू पितं का. सासू मला डोळ्यांनी दटावायची. पाहुणे बहुतेक वेळा पाण्याचा गडवा खाली ठेवत आणि पीकपाण्याचं काही तरी बोलायला लागत.